शब्दांच्या जोड्या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. शेतीच्या कामामुळे ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी खास.)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे "इंग्रजी" एवढंच लिहिलंय. ते ऐकल्याबरोबर मागच्या रांगेतल्या दोन मावश्या पिशवी उचलून उठायला लागल्या, मी पाहिलंय बरं का! बसा मावशी. आज पाठांतर नाही, स्पेलिंग नाही, कोणाला उभं करून विचारणार नाही. आज फक्त गप्पा मारायच्या आहेत. पण विषय आपल्या पैशाचा आहे, म्हणून लक्ष देऊन ऐका.

सुरुवात एका प्रसंगाने करते. मागच्या हिवाळ्यात शहरातल्या एका प्रदर्शनात आपला स्टॉल होता. पापड, कुरडया, शेवया, लिंबाचं लोणचं आणि आपल्या एका ताईंनी केलेले तिळाचे लाडू. एक बाई आल्या, लाडवाचं पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "विल धिस गो बॅड?"

आपल्या ताईंना 'गो' माहीत होतं. गो म्हणजे जा. 'बॅड' पण माहीत होतं. बॅड म्हणजे वाईट. त्यांना वाटलं, ही बाई आपल्या मालाला नावं ठेवतेय आणि वर "जा" म्हणतेय. त्यांनी पाकीट परत घेतलं आणि म्हणाल्या, "नको तर नका घेऊ, पण नावं कशाला ठेवता?" त्या बाई गोंधळल्या आणि निघून गेल्या. मी सुट्टे पैसे आणायला गेले होते, परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या बाईंनी एवढंच विचारलं होतं, "हे खराब होतील का?" म्हणजे किती दिवस टिकतील? याचं उत्तर आपल्या ताईंकडे तयार होतं. पंधरा-वीस दिवस आरामात टिकतात, डबा घट्ट लावून ठेवा. एवढं सांगितलं असतं तर कदाचित दोन पाकिटं गेली असती.

रात्री मुक्कामाला आल्यावर ताईंना मी अर्थ सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दोन्ही शब्द मला येत होते गं. तरी मला काही कळलं नाही. मग शिकून उपयोग काय?"

ताईंनो, त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. आजचं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

उत्तर असं आहे की शब्द एकटे नसतात, त्यांच्या जोड्या असतात. 'गो' एकटा असेल तर 'जाणे'. 'गो' आणि 'बॅड' एकत्र आले की 'खराब होणे'. जोडी बदलली की अर्थ बदलतो. आणि हे काही इंग्रजीनेच केलंय असं नाही. आपली मराठी काय कमी आहे का?

'खाणे' हा शब्द घ्या. आपण भाकरी खातो. पोरगं शाळेत मार खातं. कोणी लबाड माणूस पैसे खातो. सासूबाई, माफ करा, नवरा डोकं खातो. संध्याकाळी ओट्यावर बसून आपण हवा खातो. आता मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला फक्त 'खाणे म्हणजे तोंडाने गिळणे' एवढंच शिकवलं, तर "तिने माझं डोकं खाल्लं" ऐकून तो पोलिसांत जाईल!

'काढणे' घ्या. आपण बँकेतून पैसे काढतो, कर्ज काढतो, फोटो काढतो, रांगोळी काढतो, गाईची धार काढतो आणि पाऊस नाही आला तर वाईट दिवस पण काढतो. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळा जोडीदार लागतो. पैसे काढणे म्हणजे 'विथड्रॉ मनी'. कर्ज काढणे म्हणजे 'टेक अ लोन'. फोटो काढणे म्हणजे 'टेक अ फोटो'. रांगोळी काढणे म्हणजे 'ड्रॉ रांगोळी'. धार काढणे म्हणजे 'मिल्क द काऊ', तिथे तर दुधाचंच क्रियापद झालं.

आणि 'भरणे'? फॉर्म भरतो, तिथे 'फिल'. हप्ता भरतो, तिथे 'पे'. बाजार भरतो, ओटी भरतो. ओटी भरण्याला इंग्रजीत जोडीच नाही, तिथे त्यांना पूर्ण गोष्ट सांगावी लागेल. म्हणजे आपल्याला जे जन्मापासून येतं तेच आपण दुसऱ्या भाषेत शिकायचंय. अवघड नाही, फक्त सवय नाही.

आता आपल्या पंचसूत्रीकडे येते. पंचसूत्री झोपेतून उठवून विचारली तरी तुम्ही सांगाल. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. तिच्या पाच इंग्रजी जोड्या बघा.

बैठक घेणे: 'होल्ड अ मीटिंग'. होल्ड म्हणजे धरणे. आपण बैठक 'घेतो', ते बैठक 'धरतात'.

बचत करणे: 'सेव्ह मनी'. वाचवणे आणि पैसे, सरळ जोडी.

कर्ज देणे: 'गिव्ह अ लोन'. घेणारीच्या बाजूने 'टेक अ लोन'. आपल्यासारखंच देणं-घेणं.

परतफेड करणे: 'रीपे द लोन' किंवा 'पे बॅक'. आणि व्याज भरणे म्हणजे 'पे इंटरेस्ट'.

हिशेब ठेवणे: 'कीप अकाउंट्स'. कीप म्हणजे ठेवणे. हिशेब आपणही ठेवतो, तेही ठेवतात. नोंदी ठेवणे म्हणजे 'कीप रेकॉर्ड्स'.

पाच सूत्रं, पाच जोड्या. बघा, दोन-तीन ठिकाणी आपलं आणि त्यांचं अगदी जुळतं, कुठे एखाद्या शब्दाने वेगळं. जुळतं ते आपोआप लक्षात राहतं. वेगळं आहे तेवढंच लिहून ठेवायचं.

आता माझी फजिती सांगते. मी मराठी माध्यमातली. समाजकार्याच्या पदवीच्या मुलाखतीला गेले तेव्हा अभिमानाने सांगितलं, "आय गेव्ह द एक्झाम." समोरचे साहेब हसले. मला वाटलं माझा ड्रेस बघून हसले. नंतर एका मैत्रिणीने सांगितलं, आपण परीक्षा 'देतो', पण इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'घेतो', 'टेक अ‍ॅन एक्झाम'. दिशाच उलटी! त्यांचं हसणं बरोबर नव्हतं, कारण मला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं होतं. पण त्या दिवसापासून मी वहीच्या मागच्या पानावर जोड्या लिहायला लागले. ती वही आजही माझ्याकडे आहे.

त्या वहीत सगळ्यात जास्त भांडण आहे 'मेक' आणि 'डू' यांचं. आपल्याकडे दोघांना मिळून एकच शब्द, 'करणे'. चहा करतो, काम करतो, चूक करतो, यादी करतो. इंग्रजीत मात्र वाटणी झालेली आहे. एक साधी खूण सांगते. आधी नसलेलं काहीतरी तयार झालं तर बहुतेक वेळा 'मेक'. चहा, भाकरी, लोणचं, यादी. 'मेक टी', 'मेक पिकल', 'मेक अ लिस्ट'. नफा पण आपण तयारच करतो, म्हणून 'मेक अ प्रॉफिट'. आणि काम, मेहनत, नेमून दिलेलं काही असलं तर 'डू'. 'डू वर्क', 'डू बिझनेस', 'डू अ कोर्स', मुलांचा 'डू होमवर्क'. चूक मात्र 'मेक अ मिस्टेक'. चूकही आपणच तयार केलेली असते ना! ही खूण दहापैकी दहा वेळा लागू पडणार नाही, पण अंधारात बॅटरीएवढा उपयोग नक्की होतो.

आता सगळ्यात कामाचा भाग. वस्तूची, माणसाची, खात्याची अवस्था बदलते तेव्हा काय म्हणायचं? आपल्याकडे दूध नासतं, भाजी कोमेजते, भात आंबतो, खोबरं खवट होतं, पान पिवळं पडतं, माणूस आजारी पडतो. इंग्रजीत अशा बदलासाठी पाच-सहा छोटी क्रियापदं आहेत आणि त्यांच्यापुढे गुण सांगणारा शब्द येतो.

पहिलं 'गेट'. हे सगळ्यात जास्त वापरलं जातं. 'गेट रेडी' म्हणजे तयार होणे, 'गेट टायर्ड' म्हणजे दमणे, 'गेट वेट' म्हणजे भिजणे, 'गेट लेट' म्हणजे उशीर होणे, 'गेट बेटर' म्हणजे बरं होणे.

दुसरं 'गो'. हे बहुतेक बिघडण्याच्या वाटेने जातं. 'गो बॅड' म्हणजे खराब होणे, 'गो राँग' म्हणजे बिघडणे, 'गो ब्लाइंड' म्हणजे आंधळं होणे. आणि विचार करा, आपणही तेच म्हणतो. डोळे गेले, अन्न वाया गेलं, पत गेली. आपल्याकडेही जाणं हे पुष्कळदा नुकसानीचंच असतं. त्या लाडवांच्या ताईंना मी असं समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, म्हणजे 'वाया जाईल का' असं विचारत होती ती!" अगदी तसंच.

तिसरं 'टर्न'. रंग किंवा चव बदलली की हे येतं. पान पिवळं पडलं तर 'टर्न यलो', दूध आंबलं तर 'टर्न सावर'.

चौथं 'फॉल'. फॉल म्हणजे पडणे. आजारी पडणे म्हणजे 'फॉल इल'. बघा, शब्दाला शब्द जुळला! प्रेमात पडणे म्हणजे 'फॉल इन लव्ह'. पडण्याच्या बाबतीत त्यांचं आणि आपलं चांगलं जमतं.

पाचवं 'बिकम'. हे जरा कागदावरचं, कचेरीतलं. बोलताना 'गेट', लिहिताना 'बिकम'. बँकेच्या मेसेजमध्ये हेच भेटतं.

सहावं 'कीप'. हे बदलाचं नाही, आहे तसं राहण्याचं. 'कीप क्वाएट' म्हणजे गप्प राहा, 'कीप ड्राय' म्हणजे कोरडं ठेवा. खताच्या आणि बियाण्याच्या पिशवीवर, औषधाच्या खोक्यावर हे छापलेलं असतं. आता घरी गेल्यावर वाचून बघा.

एक गंमत सांगते. आपल्याकडे भूक 'लागते', झोप 'येते', राग 'येतो', भीती 'वाटते'. म्हणजे राग बाहेरून पाहुण्यासारखा येतो आणि आपण फक्त दार उघडतो. इंग्रजीत माणूसच बदलतो. 'शी गॉट अँग्री', ती रागावली. 'आय फील हंग्री', मला भूक लागलीय. आपल्याकडे ते नाव, त्यांच्याकडे तो गुण. म्हणून आपण "हंगर केम टु मी" असं म्हणायला जातो आणि अडकतो. आणि "टेन्शन घेऊ नको" हे तर आपणच तयार केलेलं आहे. इंग्रजीत टेन्शन कोणी घेत नाही. ते म्हणतात, 'डोन्ट वरी'.

आता बँकेकडे येते, कारण मला खरं बोलायचंय ते हेच.

आपल्या एका गटातल्या ताईंना मोबाईलवर मेसेज आला होता. त्यात होतं, खातं 'हॅज बिकम इनऑपरेटिव्ह'. त्यांना वाटलं, जाहिरात असेल. मेसेज तसाच राहिला. पुढे पैसे काढायला गेल्या तर व्यवहार होईना, घरात लग्न तोंडावर. 'बिकम इनऑपरेटिव्ह' म्हणजे खातं निष्क्रिय झालं. बचत खात्यात आपण स्वतः दोन वर्षांपेक्षा जास्त काळ काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय समजलं जातं. बँकेने व्याज जमा केलं, तो आपला व्यवहार धरत नाहीत. घाबरायचं कारण नाही, पैसे कुठे जात नाहीत. आधार आणि फोटो घेऊन शाखेत जायचं, केवायसी नवीन करायची, खातं पुन्हा सुरू होतं आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. पण जोडी ओळखली असती तर ताईंची ती आठवडाभराची धावपळ वाचली असती.

दुसरी जोडी 'फॉल ड्यू'. हप्ता 'फॉल्स ड्यू' म्हणजे भरायची तारीख आली. अजून चूक झालेली नाही. 'ओव्हरड्यू' म्हणजे तारीख उलटून गेली, हप्ता थकला. दोन्हींत 'ड्यू' आहे, पण एक आठवण आहे आणि एक इशारा. थकबाकी ९० दिवसांपेक्षा जास्त राहिली की कर्जखातं एनपीए होतं, आणि मग गटाची पत 'जाते'. पुढचं कर्ज अडतं. एका ताईची थकबाकी दहा जणींना भोगावी लागते, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

तिसरी जोडी सावध राहायची. 'विल गेट ब्लॉक्ड'. तुमचं खातं आज रात्री बंद पडेल, खालच्या लिंकवर क्लिक करा. आपल्या एका मावशींना असा मेसेज आला. त्यांनी हुशारी केली. लिंकला हात लावला नाही, फोन घेऊन सरळ बँक सखीकडे गेल्या. मेसेज खोटा होता. मावशींना विचारलं, कसं ओळखलं? म्हणाल्या, "बँक कधी एवढी घाई करते का?" टाळ्या वाजवा मावशींसाठी!

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. जोडीचा अर्थ कळला म्हणजे मेसेज खरा आहे असं होत नाही. खोटा माणूसही शुद्ध इंग्रजी लिहितो. अर्थ कळल्याने एवढंच होतं की आपण घाबरत नाही, आणि न घाबरलेली बाई विचार करू शकते. म्हणून नियम तोच. मेसेजमध्ये धमकी, घाई आणि लिंक असेल तर हात लावायचा नाही. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, बँकेचा साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही. आणि फसवणूक झालीच तर लाजायचं नाही, लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा. जितक्या लवकर कराल तितकं चांगलं.

आता हे शिकायचं कसं? मी क्लास लावा म्हणणार नाही. आपल्याला वेळ कुठे आहे? मी एवढंच सुचवते.

प्रत्येक बैठकीत बचत गोळा करून झाली की पाच मिनिटं ठेवा. त्या आठवड्यात कुणाच्या मोबाईलवर, पिशवीवर, गोळीच्या पाकिटावर, मुलांच्या पुस्तकात जे काही इंग्रजी दिसलं, त्यातली एकच जोडी आणायची. एकटा शब्द आणायचा नाही, जोडीच आणायची. 'टेक' नको, 'टेक मेडिसिन' आणा. लिपिका ताईंनी ती एका वेगळ्या वहीत देवनागरीत लिहायची आणि समोर मराठी जोडी लिहायची. औषध घेणे. आठवड्याला एक म्हटलं तरी वर्षाला पन्नास होतात. पन्नास जोड्यांत आपलं बँकेचं, बाजाराचं आणि दवाखान्याचं बरंचसं काम भागतं.

ज्यांच्या मुली शाळेत आहेत त्यांनी मुलींना विचारा. मुलींना शब्द येतात, पण गुण टिकवायचे तर जोड्या लागतात. आई आणि मुलगी एकमेकींना विचारत बसल्या तर दोघींचंही काम होईल. आणि आई विचारते म्हटल्यावर मुलीची छाती किती फुगते ते बघा.

आणि चुकलं तर? चुकू द्या. 'मेक अ मिस्टेक', चूक तयारच करायची असते. गट सुरू केला तेव्हा आपण ठराव लिहिताना किती चुकलो होतो? पहिल्यांदा बँकेत गेलो तेव्हा स्लिप उलटी भरली होती की नाही? आज त्याच ताया लाखांचं कर्ज मागायला मॅनेजरसमोर खुर्चीवर बसतात.

शेवटी लाडवांच्या ताईंबद्दल सांगते. त्यानंतरच्या प्रदर्शनात त्या पुन्हा आल्या. स्टॉलवर त्यांनी मुलीकडून एक पुठ्ठा लिहून आणला होता. वर मराठीत "वीस दिवस टिकतात", खाली इंग्रजीत. कोणी पाकीट उचललं की विचारायच्या आतच ताई म्हणायच्या, "नो गो बॅड! ट्वेंटी डेज!" व्याकरणाच्या मास्तरांनी कान धरला असता. पण गिऱ्हाईक हसून पाकीट घेत होतं. संध्याकाळी टोपली रिकामी झाली तेव्हा ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता कळलं उपयोग काय ते."

त्या ताई आज इथेच बसल्या आहेत. नाव घेत नाही, त्या लाजतात. पण पुढच्या बैठकीत पहिली जोडी त्यांनीच वहीत लिहावी अशी माझी विनंती आहे.

आता तुम्ही माझं एवढं ऐकून घेतलंत, लक्ष दिलंत. इंग्रजीत लक्ष 'देत' नाहीत, 'पे अटेन्शन' म्हणतात, जणू काही पैसेच मोजतात. तुम्ही कामाचा वेळ मोजून मला दिलात, त्याची मला जाणीव आहे.